आरटीओची टेस्ट द्यायचीय? मग आधी गाडी हळू चालवायला शिका

लर्निंग लायसन्स निघालं की बहुतेकांचा हिशोब ठरलेला असतो, क्लास लावायचा, महिना झाला की टेस्टची तारीख घ्यायची आणि पक्कं लायसन्स पोस्टाने यायची वाट बघायची. लायसन्स येतं पण, आणि नंतर वर्षानुवर्षं पर्समध्ये पडून राहतं. आजूबाजूला इतके लोक असे बघितलेत, त्यात बायका जास्त, की आता मला याची मनापासून हळहळ वाटते. त्यांना गाडी येत नाही असं नसतं हो, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या चौथ्या गिअरला छान चालवतात. अडतं कुठे तर सिग्नल सुटल्यावर गाडी बंद पडते, चढावर मागे सरकते, पार्किंगमधून रिव्हर्स काढताना दोन्ही बाजूचे खांब अंगावर येतात आणि मागून हॉर्न सुरू झाले की हातपाय गळतात. म्हणजे सगळं अडतं ते हळू वेगात, आणि आरटीओच्या टेस्टमध्ये जे बघतात त्यातलं बरंचसं नेमकं हेच असतं, आठच्या आकड्याचा ट्रॅक, इंग्रजी एच आकाराचा ट्रॅक, चढ, रिव्हर्स, सगळं पहिल्या नाहीतर रिव्हर्स गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. म्हणून ज्याने हळू गाडी नीट हाताळायचा सराव केला त्याची टेस्ट पण होते आणि नंतर गाडी पण चालते, हे एवढंच डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी कागदपत्रांचं पटकन सांगते. कारचं आणि गिअरच्या बाईकचं लर्निंग १८ पूर्ण झाल्यावर मिळतं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं, त्याआधी आपणच तब्येतीचं लिहून दिलं की चालतं. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनी देता येते. म्हणजे मधे चांगले पाच महिने हातात असतात, तरी लोक एकतिसाव्या दिवसाची घाई करतात नाहीतर पाचव्या महिन्यात जागे होतात आणि मग मोठ्या शहरात सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, स्लॉटच दिसत नाही. दोन्ही नको. हात बसतोय असं वाटायला लागलं की दोन अडीच महिन्यांच्या आसपासची तारीख घेऊन टाका, म्हणजे समजा पहिल्यांदा नाही झालं तरी पुन्हा द्यायला वेळ उरतो.

लर्निंगवर एकट्याने गाडी चालवायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सोसायटीतून नाक्यापर्यंत एकटे जाणारे असतातच. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजे आणि तो अशा जागी पाहिजे की वेळ आली तर गाडी थांबवू शकेल, म्हणजे मागच्या सीटवर बसून सूचना देणारे काका चालत नाहीत. पुढे मागे पांढऱ्यावर लाल एल, त्या पाटीचं मापसुद्धा नियमात दिलंय, किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच. काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला चिटुकला स्टिकर मागच्याला दिसतच नाही. पाटी नीट मोठी लावली की मागचा माणूस दोन हात लांब राहतो, शिकणाऱ्याला तेवढीच उसंत मिळते.

आता मुख्य गोष्ट, क्लच. क्लच दाब, क्लच सोड हे सगळे सांगतात पण आत काय होतं ते फार कमी जण सांगतात, आणि ते एकदा कळलं की अर्धी भीती तिथेच जाते. इंजिन चालू असलं की त्याच्या टोकाला एक जड चाक सतत फिरत असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या समोर क्लच प्लेट असते आणि ती गिअरबॉक्समधून पुढे चाकांना जोडलेली असते. आपण क्लच पूर्ण दाबला की ही प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते, इंजिन आपलं फिरत राहतं, चाकांना त्याचा पत्ताच नसतो. क्लच पूर्ण सोडला की दोन्ही घट्ट चिकटून एकत्र फिरतात. आणि या दोन्हीच्या मधे एक जागा असते जिथे प्लेट घासत घासत पकडायला लागते, त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. दोन तळहात एकमेकांवर ठेवा, एक गोल फिरवा आणि दुसरा हळूहळू दाबत न्या, आधी नुसता घासेल, मग ओढला जाईल, मग दोन्ही बरोबर फिरतील, तसंच ते. आता उभ्या गाडीची चाकं स्थिर आहेत आणि इंजिन मिनिटाला सातशे आठशे फेरे मारतंय, अशा वेळी क्लच झटकन सोडला तर स्थिर असलेली अख्खी गाडी एकदम इंजिनच्या गळ्यात पडते, त्याला ते झेपत नाही आणि गाडी गचका खाऊन बंद पडते. घासायला वेळ दिला तर चाकं हळूहळू वेग घेतात आणि इंजिन दमत नाही. गाडी बंद पडणं म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे असं नसतं, डाव्या पायाने त्या घासण्याच्या जागेतून घाईने उडी मारली एवढंच झालेलं असतं.

म्हणून पहिला सराव ॲक्सिलरेटरशिवाय. सपाट मोकळं मैदान, शेजारी लायसन्सवाला, हँडब्रेक काढलेला, पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकवर फक्त तयारीत. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकता आली तर टेकवायची (पाय लहान असतील तर सीट पुढे घ्या, लाजायचं काय त्यात), आणि क्लच इतका हळू सोडायचा की कंटाळा आला पाहिजे. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरासा जड होतो, स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर येते, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी सरकायला लागते. तिथे पाय थांबवायचा. तीन सेकंद तसाच. मग बाकीचा सोडायचा. माझ्या भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, पण ॲक्सिलरेटर न देता गाडी जाईलच कशी?" म्हटलं अगं तू सोडून तर बघ, आणि गाडी आपली गुपचूप चालत्या माणसासारखी निघाली की. तिचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण महिनाभर क्लासला जाऊन गाडी आपल्या पायाने निघते हे तिला पहिल्यांदाच जाणवलं होतं.

आणि ते का जाणवलं नव्हतं हे पण समजून घ्या. क्लासच्या गाडीत ट्रेनरच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत क्लचपण असतो, ड्युअल कंट्रोल, ते नियमानेच बंधनकारक आहे आणि सुरक्षिततेसाठी अगदी योग्य आहे. पण सकाळच्या ट्रॅफिकमध्ये मागे बस उभी असताना गाडी बंद पडू नये म्हणून सर स्वतःच क्लच सांभाळतात, आपण नुसतं स्टेअरिंग धरून असतो आणि आपल्याला वाटतं जमलं. मग टेस्टला किंवा घरच्या गाडीत तो दुसरा पाय नसतो. तर सरांना सरळ सांगायचं, सर आज तुमचे पाय बाजूला ठेवा, बंद पडली तर पडू दे, मी परत चालू करीन. चांगले ट्रेनर याला खुशीने तयार होतात. वेळेचं पण तसंच, नियमाप्रमाणे कारच्या ट्रेनिंगला किमान २१ दिवस आणि त्यात प्रत्यक्ष चालवायचे किमान १० तास पाहिजेत, तर विचारा की मला खरंच किती वेळ स्टेअरिंगवर मिळणार, का तीन जणांना एका फेरीत बसवून प्रत्येकाला दहा दहा मिनिटं. २०२१ पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचा जो नवा कोर्स आलाय त्यात तर प्रॅक्टिकलच २१ तासांचं ठेवलंय, म्हणजे दहा तास कमी पडतात हे सरकारलाही पटलेलं दिसतंय.

चढ. टेस्टच्या नियमातच लिहिलंय की चढावर गाडी थांबवून मागे न सरकता परत निघता आलं पाहिजे, आणि ट्रॅकवर त्यासाठी खास उंचवटा केलेला असतो. इथे दोन पायांना तीन पेडल सांभाळायची असतात म्हणून लोक गोंधळतात, पण हँडब्रेक हा तिसरा पाय समजा आणि ओढून घ्या. गाडी थांबली, हँडब्रेक वर, पहिला गिअर, आता उजवा पाय ब्रेकवरून निवांत उचलून ॲक्सिलरेटरवर न्या, हँडब्रेकने गाडी धरलेली आहे, ती कुठे जात नाही. थोडी रेस द्या, आवाज एकसारखा ठेवा, क्लच हाफवर आणा. गाडीचं नाक वर उठतं आणि मागचा भाग खाली दबल्यासारखा होतो, म्हणजे गाडीला पुढे जायचंय आणि हँडब्रेक तिला धरून आहे. हे जाणवल्याशिवाय हँडब्रेकला हात लावायचा नाही. जाणवलं की बटण दाबून हँडब्रेक खाली, गाडी सरळ पुढे. सगळे घाईत हँडब्रेक आधी काढतात आणि मग क्लच शोधत बसतात, तोपर्यंत गाडी हातभर मागे गेलेली असते. नव्या गाड्यांमध्ये हिल होल्ड असतो, तो ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतो, पण तेवढ्यावर विसंबून शिकू नका, उद्या दुसरी गाडी हातात आली तर काय करणार.

रिव्हर्सचं आणि ट्रॅकचं गणित एका गोष्टीवर उभं आहे, कारची फक्त पुढची चाकं वळतात. त्यामुळे पुढे जाताना वळण घेतलं की मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापून जातात. कोपरा आला की लगेच स्टेअरिंग फिरवणाऱ्याचं मागचं चाक म्हणूनच रेषेवर किंवा फुटपाथवर चढतं. वळण थोडं उशिरा घ्यायचं, आपला खांदा कोपऱ्याच्या जवळ आला की मग. रिव्हर्समध्ये हेच उलटं होतं, आता मागची चाकं पुढारी असतात आणि पुढचं नाक बाहेरच्या बाजूला झोकांडी घेतं. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं तर गाडीची शेपूट उजवीकडे जाते आणि बॉनेट डावीकडे सरकतं, आणि नवशिक्याचं सगळं लक्ष मागे असल्याने पुढचा डावा कोपरा खांबाला लागतो. एचच्या ट्रॅकवर रिव्हर्स घेताना साइड मिररमध्ये मागचं चाक आणि जमिनीवरची रेषा दोन्ही दिसली पाहिजेत, त्यासाठी मिरर आधीच किंचित खाली करून ठेवता येतो. गाडी इतकी हळू ठेवा की स्टेअरिंगला वेळ मिळेल, अर्धा क्लच आणि गरज पडली तर ब्रेक. चुकतंय असं वाटलं तर थांबा, आधी मिरर बघा, मग ठरवा. बहुतेक वेळा रेष चुकते ती गाडी सरकत असताना आपण विचार करत असतो म्हणून. घरी सराव करायला चार रिकाम्या पाण्याच्या बाटल्या पुरतात, मैदानात गाडीच्या रुंदीपेक्षा दोन हात जास्त अंतर ठेवून उभ्या करायच्या आणि रिव्हर्सने आत घालायची, बाटली पडली तर आवाज होतो, गाडीला काही होत नाही.

टू व्हीलरवाल्यांचा आठचा आकडा पण हळू वेगाचाच खेळ आहे. गाडी हळू असली की डगमगते, डगमगली की पाय टेकतो, आणि पाय टेकला की संपलं. यावर उपाय पाय आवळून बसणं हा नाही. थ्रॉटल थोडासा एकसारखा द्यायचा आणि वेग मागच्या ब्रेकने धरायचा, गिअरची गाडी असेल तर जोडीला हाफ क्लच. इंजिन ओढतंय आणि ब्रेक जरासा धरतोय अशी गाडी सरळ उभी राहते. वळताना पुढचा ब्रेक अजिबात नाही, हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी तिथेच आडवी होते. आणि नजर पुढच्या चाकावर नको, आठच्या पुढच्या वळणावर, जिथे जायचंय तिथे. मान वळली की खांदे वळतात आणि गाडी त्यांच्या मागे येते. हेल्मेट घालून जा आणि सरावही हेल्मेट घालूनच करा, नाहीतर टेस्टच्या दिवशी मान जड वाटते. जमत असेल तर टेस्ट गिअरच्या बाईकवर द्या, त्या लायसन्सवर स्कूटरही चालवता येते, उलटं चालत नाही.

कारचं विचाराल तर ऑटोमॅटिकवर टेस्ट देता येते आणि आपल्याकडे लायसन्सवर कारसाठी मॅन्युअल ऑटोमॅटिक असा भेद नसतो. पण म्हणूनच सांगते, ऑटोमॅटिकवर पास होऊन दुसऱ्या दिवशी कोणाची मॅन्युअल गाडी घेऊन खंबाटकी चढायला जाऊ नका. कागदावर परवानगी आहे, पायाला सवय नाही.

आता नजर. नियमात परीक्षकाने काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे आणि त्यात मिररचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, निघण्याआधी, सिग्नल देण्याआधी, वळण्याआधी, थांबण्याआधी. म्हणजे क्रम असा, आधी मिरर, मग इंडिकेटर, मग स्टेअरिंग. आपल्याकडे रस्त्यावर बघाल तर बरोबर उलटा क्रम दिसतो, आधी गाडी घुसवतात आणि मग इंडिकेटर लावतात, ते बघून शिकू नका. गाडीत बसल्यावर सीट अशी लावा की क्लच तळाला लागल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, मग आतला आरसा अख्खी मागची काच दिसेल असा, बाहेरचे आरसे आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल असे, आणि शेवटी बेल्ट. तरीही काही जागा कुठल्याच आरशात येत नाही, म्हणून लेन बदलताना त्या बाजूला खांद्यावरून झटकन नजर टाकायची. पुण्यामुंबईत तर त्या न दिसणाऱ्या जागेत नेहमी एक स्कूटर असते असंच धरून चाला.

अंतराचा एक साधा हिशोब पाठ करून ठेवा. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसलं आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी ती तेवढं अंतर ब्रेक न लावता पळालेली असते, खरं ब्रेकिंग त्यानंतर सुरू होतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. पुढच्या गाडीला चिकटून चालणाऱ्यांना हा हिशोब कोणीतरी एकदा सांगायला हवा होता.

लर्निंगची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून आधारवर घरबसल्या देता येते, फार सोय झाली, पण घरातला दुसराच कोणी शेजारी बसून उत्तरं सांगतो हे अनेक घरांत चालतं आणि मला ते अजिबात पटत नाही. चिन्हं कळायला खरं तर एक संध्याकाळ पुरते. त्रिकोणी पाटी धोक्याची सूचना देते, गोल पाटी हुकूम असते, चौकोनी माहिती देते, आठ कोनांची म्हणजे पूर्ण थांबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. घाटात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण तिला थांबून परत निघणं अवघड (वरचा चढाचा सराव केला असेल तर हे वेगळं पाठ करावं लागत नाही). सर्कलमध्ये जी गाडी आधीच आत आहे तिचा हक्क पहिला. हाताचे इशारे पण बघून जा, काही ठिकाणी अजून विचारतात, उजवा हात सरळ बाहेर तळवा पुढे म्हणजे उजवीकडे, तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवला की डावीकडे, तळवा खाली करून वर खाली हलवला की हळू होतोय.

टेस्ट कुठे आहे ती जागा आधी एकदा बघून या. पुण्यात कारची टेस्ट भोसरीच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग ट्रेनिंगच्या संस्थेच्या ट्रॅकवर होते, तिथे कॅमेरे आणि सेन्सर असतात, चाक रेषेवर गेलं की यंत्रालाच कळतं. जिथे निरीक्षक स्वतः बघतात तिथे त्यांना दिसेल असं मिररकडे डोकं वळवा, नुसते डोळे फिरवले तर त्यांना कसं कळणार. सोबत लर्निंगची प्रत, आधार, आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तिचं आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे ना ते आदल्या दिवशी बघा. गाडी शक्यतो सरावाचीच घ्या, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. नवी गाडी मिळालीच तर रांगेत असताना दोन तीनदा हाफ क्लच शोधून ठेवा. आणि एजंट म्हणाला की ताई तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो, तर त्याला नको म्हणा, त्या लायसन्सवर उद्या तुमची मुलं मागच्या सीटवर बसणार आहेत.

नाही झाली टेस्ट तर सात दिवसांनी परत देता येते, तीनदा झाली नाही तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. निघताना विचारून घ्या की नेमकं काय चुकलं आणि त्या सात दिवसांत तेवढंच करा. चढ चुकला असेल तर रोज सकाळी कोणी उठायच्या आधी सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प, लायसन्सवाला शेजारी, मधोमध थांबायचं, हँडब्रेक, हाफ क्लच, नाक उचललं का बघायचं आणि मगच सोडायचं.